मिती मोजायच्या कशा?

एखादा बिंदू नेमका कुठे आहे हे सांगायला जितके आकडे लागतात तितक्या त्या जागेच्या मिती, असं आपण शाळेपासून धरून चालतो. रुळावरच्या गाडीचं ठिकाण एका आकड्यात सांगता येतं, शेतातल्या विहिरीचं दोन आकड्यांत, छताला टांगलेल्या दिव्याचं तीन. देकार्तच्या काळापासून गणितज्ञही हेच मानत आले होते आणि त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. १८७७ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या हाले शहरात शिकवणाऱ्या गेऑर्ग कॅंटरने ही समजूत मुळापासून हलवली.

त्याची युक्ती शाळकरी मुलालाही कळेल अशी आहे. एक चौरस घ्या. त्यातल्या एका बिंदूचे दोन आकडे समजा ०.३१४ आणि ०.२७१ असे आहेत. आता या दोघांमधले अंक एकाआड एक गुंफा: पहिल्याचा ३, दुसऱ्याचा २, पुन्हा पहिल्याचा १, दुसऱ्याचा ७, मग ४, मग १. मिळाला ०.३२१७४१ हा एकच आकडा. दोन आकड्यांचं काम एकाने भागलं, आणि या एकापासून मूळचे दोन पुन्हा वेगळेही करता येतात. म्हणजे चौरसातल्या प्रत्येक बिंदूला एका रेघेवर स्वतंत्र जागा मिळाली. (०.१९९९… आणि ०.२ हे एकच असल्यामुळे इथे एक अडचण येते. ती गणितज्ञ रिखार्ड डेडेकिंडने दाखवली आणि कॅंटरने दूर केली.) घनालाही हीच युक्ती लागू पडते आणि शंभर मितींच्या आकारालाही. रेघेवर जितके बिंदू तितकेच चौरसात आणि तितकेच घनात! कॅंटरने डेडेकिंडला पत्रात कळवलं की हे मला दिसतं आहे, पण माझा त्यावर विश्वास बसत नाही.

मग मिती उरली कुठे? डेडेकिंडने उलटटपाली जे लिहिलं त्यातूनच पुढची वाट निघाली. गुंफण्याच्या या खटाटोपात शेजार मोडतो, हे त्याच्या ध्यानात आलं. पाहा: (०.३९९, ०.२७१) आणि (०.४००, ०.२७१) हे चौरसात अगदी लगटून असलेले बिंदू. गुंफल्यावर पहिला ०.३२९७९१ वर जातो आणि दुसरा ०.४२०७०१ वर. जवळचे बिंदू जवळच ठेवायचे अशी अट घातली, तर रेघेचा चौरस होणार नाही, असा डेडेकिंडचा कयास होता. तो सिद्ध व्हायला चौतीस वर्षं लागली. मधल्या काळात, १८९० मध्ये, इटलीच्या जुझेप्पे पेआनोने चौरसाचा कानाकोपरा व्यापणारी एक सलग, कुठेही न तुटणारी रेघ काढून दाखवली आणि गणितज्ञांचा जीव पुन्हा टांगणीला लागला. पण पेआनोची रेघ काही बिंदूंवरून एकाहून जास्त वेळा जाते. सलगपणाही हवा आणि कुठलाही बिंदू दोनदा यायला नको, हे दोन्ही एकदम साधत नाही, असं १९११ मध्ये नेदरलंड्सच्या ब्राउवरने सिद्ध केलं. माझ्या मते मितीच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे, कारण तिथून पुढे मिती ही पक्क्या व्याख्येची आणि पक्क्या पुराव्याची गोष्ट झाली.

ती व्याख्या समजून घ्यायला बांधकामाची जागा उत्तम. चांगला गवंडी विटांचे उभे सांधे एकावर एक येऊ देत नाही. सांधेमोड करून थर रचतो. अशा भिंतीच्या दर्शनी बाजूवर कुठेही बोट ठेवा, एका बिंदूत जास्तीत जास्त तीनच विटा भेटतात. सांधेमोड केली नाही, तर जाळीसारखे चार-चार कोपरे एकत्र येतील; पण विटा हव्या त्या आकाराच्या पाडल्या आणि कशाही रचल्या, तरी तीनाचे दोन करता येत नाहीत. विटा पुरेशा लहान असल्या की कुठेतरी तीन भेटणारच. एका रेघेचे तुकडे पाडले, तर एका ठिकाणी दोनच भेटतात. भरीव ठोकळ्यात कितीही हुशारीने रचलं, तरी कुठेतरी चार भेटतात. या संख्येतून एक वजा केला की मिती हाती येते: रेघेची एक, पृष्ठभागाची दोन, भरीव जागेची तीन. ही कसोटी फ्रान्सच्या आंरी लबेगची, त्याच १९११ सालची. त्याच्या सिद्धतेतली त्रुटी ब्राउवरने दाखवली, पण कल्पना टिकली. तिची खुबी अशी की तिच्यात पट्टी नाही, कोनमापक नाही, आकड्यांचा पत्ताही नाही. आकार ताणा, वाकवा, चेपा. विटांची गाठ तितकीच राहते.

मात्र मिती मोजायची ही एकमेव रीत नाही. आकार दुप्पट केला तर रेघ दुप्पट होते, चौरस चौपट, घन आठपट. म्हणजे २ चा पहिला, दुसरा आणि तिसरा घात. या घातांकालाच मिती म्हटलं तर? फेलिक्स हाउसडॉर्फने १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात ही कल्पना काटेकोर केली आणि अपूर्णांकातल्या मितींना दार उघडून दिलं. कोख वक्र नावाचा एक काटेरी, हिमकणासारखा वक्र आहे. तो तिप्पट मोठा केला की त्यात मूळच्या वक्राच्या बरोबर चार प्रती मावतात. ३ चा कितवा घात ४ होतो? साधारण १.२६ वा. म्हणजे हा वक्र रेघेपेक्षा जास्त आणि पृष्ठभागापेक्षा कमी आहे. विटांच्या कसोटीवर त्याची मिती एकच भरते. दोन रीती दोन वेगळ्या गोष्टी मोजतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. हाउसडॉर्फ बॉन विद्यापीठात प्राध्यापक होता, ज्यू होता. १९४२ च्या जानेवारीत छळछावणीत नेलं जाण्याची वेळ आली तेव्हा त्याने, त्याच्या पत्नीने आणि मेहुणीने विष घेऊन जीव दिला. त्याच्या नावाची मिती आज जगभर शिकवली जाते. ती शिकवताना हेही सांगायला हवं.

ही अपूर्णांकातली मिती नुसती कागदावर राहिलेली नाही. भारताच्या किनारपट्टीची लांबी आपण पाठ केली ती ७,५१६ किलोमीटर. ती १९७० च्या दशकातल्या मोजणीची. अलीकडे केंद्र सरकारने नवा आकडा जाहीर केला: ११,०९८ किलोमीटर. देशाची जमीन वाढली नाही, बदललं मुख्यतः नकाशाचं प्रमाण. जुनी मोजणी ४५ लाखास एक या प्रमाणाच्या नकाशावर झाली होती, नवी अडीच लाखास एक या प्रमाणावर. मोठ्या प्रमाणाच्या नकाशात खाड्या, वळसे, खडकांचे दात दिसू लागतात आणि मोजपट्टी त्यांच्यातून फिरते. कोकणात एखाद्या खाडीच्या काठाने चाललेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने किनाऱ्यांच्या आणि सरहद्दींच्या अशा मोजण्या तुलनेसाठी गोळा केल्या होत्या. १९६७ मध्ये बेन्वा मॅंडेलब्रॉटने त्यांचा अर्थ लावला: ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची मिती सुमारे १.२५, तर दक्षिण आफ्रिकेच्या गुळगुळीत किनाऱ्याची जेमतेम १.०२. अशा किनाऱ्याची 'खरी लांबी' विचारण्यात अर्थ नसतो. त्याची मिती विचारली तर उत्तर मिळतं.

आता वरच्या दिशेने जाऊ. तीनच्या पुढे गणिताला कुणी अडवलेलं नाही. ऑगस्ट म्योबिउसने १८२७ मध्ये लिहून ठेवलं होतं की चौथी मिती असती तर डाव्या हाताचा आकार फिरवून उजव्या हातासारखा करता आला असता, जसा कागदावरचा उलटा 'ग' कागद सोडून वर उचलला की पालथा घालता येतो. स्वित्झर्लंडच्या लुडविग श्लेफ्लीने १८५० च्या सुमारास चार आणि अधिक मितींतल्या सर्व सुसम आकारांची यादी केली. आपल्या तीन मितींत असे घनाकार पाच. चार मितींत सहा. पाच आणि त्यापुढच्या प्रत्येक मितीत फक्त तीन. चौथी मिती अशी एकटीच समृद्ध निघावी याचं मला अजूनही नवल वाटतं. श्लेफ्लीचा ग्रंथ व्हिएन्नाच्या आणि बर्लिनच्या अकादमीने फार लांब म्हणून परत केला. तो पूर्ण छापून आला १९०१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. बर्नहार्ड रीमानचं नशीब बरं. १० जून १८५४ रोजी ग्योटिंगेनमध्ये त्याने कितीही मितींच्या वक्र अवकाशाची मांडणी केली, तेव्हा समोर वृद्ध गॉस बसला होता.

जास्त मितींत आपली नजर किती फसते हे पाहायला एक चेंडू आणि त्याला घट्ट बसणारा डबा पुरे. दोन मितींत चौरसातलं वर्तुळ ७८.५ टक्के जागा व्यापतं. तीन मितींत डब्यातला चेंडू ५२.४ टक्के. दहा मितींत तोच चेंडू डब्याच्या सगळ्या भिंतींना टेकलेला असूनही फक्त पाव टक्का जागा घेतो. बाकीची सगळी जागा कोपऱ्यांत असते. दहा मितींच्या डब्याला १,०२४ कोपरे असतात आणि प्रत्येक कोपरा मध्यापासून भिंतीच्या तिपटीहून अधिक लांब. ही चैन म्हणून केलेली गणितं नव्हेत. २८ गुणिले २८ ठिपक्यांचं एक छोटं चित्र संगणकासाठी ७८४ मितींमधला एक बिंदू असतो, आणि हस्ताक्षर ओळखणारी प्रणाली त्या अवकाशात कोणते बिंदू शेजारी आहेत हेच शोधत असते. व्हॉयेजर यानांनी गुरू आणि शनीची रंगीत छायाचित्रं पाठवली ती २४ अंकांच्या एका संकेतात बांधून, म्हणजे वाटेत तीन अंक बिघडले तरी मूळ संदेश परत मिळावा. त्या संकेताचं नातं २४ मितींत चेंडू रचण्याच्या प्रश्नाशी आहे. २०१६ मध्ये युक्रेनच्या मरीना व्याझोव्स्का यांनी आठ मितींतली चेंडूंची सर्वांत दाट रचना कोणती हे सिद्ध केलं आणि काही दिवसांतच सहकाऱ्यांसह २४ मितींचाही प्रश्न सोडवला. २०२२ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळालं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मिती म्हणजे कुठलं ठिकाण नव्हे. 'चौथ्या मितीत' कुणी राहत नाही, तिथून कुणी येत नाही. १८७७ मध्येच, कॅंटरच्या पत्रानंतर काही महिन्यांनी, लाइपझिगच्या योहान झ्योल्नर या नामवंत खगोलभौतिकज्ञाने हेन्री स्लेड नावाच्या अमेरिकन 'माध्यमा'ला बोलावून प्रयोग केले. टोकं लाखेने बंद केलेल्या दोरीला स्लेडने गाठी मारून दाखवल्या आणि चार मितींतल्या आत्म्यांचं अस्तित्व सिद्ध झालं असं झ्योल्नरला वाटलं. त्यामागचं गणित बिनचूक होतं: चार मितींत बंद दोरीची गाठ खरोखरच बांधता आणि सोडता येते. पण स्लेडवर त्याआधीच लंडनमध्ये फसवणुकीचा खटला झाला होता. गणितात एखादी गोष्ट शक्य असणं आणि ती जगात असणं यांत मोठं अंतर आहे. ते तोडायला प्रयोग लागतो, आणि प्रयोग फसवणारा माणूस समोर असेल तर तोही पुरत नाही. आजही 'उच्च मितीं'च्या नावाखाली काहीबाही विकलं जातं, म्हणून हे लिहितो.

तर मग आपल्या जगाला प्रत्यक्षात किती मिती आहेत? हे मोजता येतं, ही कल्पना तरुण इमॅन्युएल कांटच्या १७४७ सालच्या लेखनात सापडते. सूर्याचं ओढणं अंतर दुप्पट झालं की चौथाई होतं. असं का? कारण सूर्याभोवती कल्पिलेल्या गोलाचा पृष्ठभाग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ओढ त्याच्यावर पसरत जाते. अवकाशाला चार मिती असत्या तर ती त्रिज्येच्या घनावर पसरली असती आणि दुप्पट अंतरावर एक अष्टमांश उरली असती. पॉल एहरनफेस्टने १९१७ मध्ये पुढचा हिशेब केला: अशा जगात ग्रहांच्या कक्षा टिकत नाहीत. जरासा धक्का बसला की ग्रह सूर्यात कोसळतो, नाहीतर कायमचा निघून जातो. आपण हा प्रश्न विचारायला इथे आहोत, यातच उत्तराचा काही भाग आला.

काळ ही चौथी मिती हे वाक्य आता सर्वांच्या तोंडी आहे, पण त्याचा अर्थ नीट सांगितला जात नाही. २१ सप्टेंबर १९०८ रोजी कोलोन इथे हेर्मान मिन्कोव्स्कीने अवकाश आणि काळ एकत्र गुंफून दाखवले. झ्युरिकमध्ये तो आइनस्टाइनचा शिक्षक होता. त्याच्या मांडणीत दोन घटनांमधलं 'अंतर' काढताना अवकाशाचे तीन वर्ग मिळवतात आणि काळाचा वर्ग वजा करतात. सगळं मर्म त्या वजाच्या चिन्हात आहे. त्याच्यामुळेच काळात मागे वळता येत नाही, त्याच्यामुळेच प्रकाशाचा वेग ही मर्यादा ठरते. काळ ही चौथी मिती खरीच, पण लांबी-रुंदीची बहीण नव्हे. म्हणून भौतिकीत नुसतं 'चार' म्हणण्यापेक्षा 'तीन अधिक एक' म्हणणं बरं.

पाचवी मिती आली ती एका पत्रातून. १९१९ च्या एप्रिलमध्ये क्योनिग्सबर्गच्या थिओडोर कालुझाने आइनस्टाइनला लिहिलं: तुमची गुरुत्वाची समीकरणं पाच मितींत मांडली, तर त्यांतून गुरुत्व तर मिळतंच, शिवाय मॅक्सवेलची विद्युतचुंबकत्वाची समीकरणंही आपोआप बाहेर पडतात. आइनस्टाइनला कल्पना आवडली, पण ती छापायला पाठवायला त्याने दोनेक वर्षं घेतली. ही पाचवी मिती दिसत का नाही, याचं उत्तर १९२६ मध्ये ऑस्कर क्लाइनने दिलं. लांबून दोरी नुसती रेघ दिसते, पण तिच्यावरची मुंगी दोरीला वळसाही घालू शकते. ही मिती तशीच स्वतःभोवती गुंडाळलेली आहे, आणि तिचा घेर दशांश चिन्हापुढे २९ शून्यं देऊन मग एक लिहावा, इतक्या सेंटीमीटरांच्या आसपास आहे. इतक्या बारीक जागेत डोकावणारं कुठलंही यंत्र आपल्याजवळ नाही.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात तंतुसिद्धांताने हीच वाट पकडली. त्यात मितींची संख्या शास्त्रज्ञ आवडीने निवडत नाहीत. ती समीकरणं लादतात. कंप पावणाऱ्या तंतूचं पुंजगणित सुसंगत राहावं, एखाद्या घटनेची शक्यता शून्याच्या खाली जाऊ नये, अशी अट घातली की सर्वांत साध्या आवृत्तीत अवकाश-काळाच्या मिती २६ निघतात, द्रव्यकण सामावणाऱ्या आवृत्तीत १० आणि १९९५ मध्ये एडवर्ड विटेनने सुचवलेल्या एकत्रित रूपात ११. गणित म्हणून हा सिद्धांत अतिशय देखणा आहे. पण या जास्तीच्या मितींचा एकही प्रायोगिक पुरावा आजवर मिळालेला नाही, हे त्याच दमात सांगायला हवं.

पुरावा शोधणारे मात्र थांबलेले नाहीत. १९९८ मध्ये तीन भौतिकज्ञांनी सुचवलं की गुंडाळलेल्या मिती मिलिमीटरच्या आसपासही असू शकतील, कारण इतक्या कमी अंतरावर गुरुत्व कुणी मोजूनच पाहिलेलं नव्हतं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सिअ‍ॅटलमधल्या गटाने मग पीळ देणाऱ्या नाजूक तराजूवर ते मोजायला घेतलं. २०२० पर्यंत ते ५२ मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे माणसाच्या बारीक केसाच्या जाडीपर्यंत आले होते. न्यूटनचा व्यस्त वर्गाचा नियम तिथेही अढळ होता.

दुसऱ्या टोकाला आहे १७ ऑगस्ट २०१७ ची घटना. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. गुरुत्वलहरी आल्या आणि त्यामागोमाग प्रकाशही आला. गुरुत्व जास्तीच्या एखाद्या मोठ्या मितीत झिरपत असतं तर लहरी वाटेत गळून क्षीण झाल्या असत्या, आणि नुसत्या लहरींवरून काढलेलं अंतर दीर्घिकेच्या खऱ्या अंतराहून जास्त भरलं असतं. दोन्ही अंतरं जुळली. त्यावरून काही शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये आपल्या अवकाश-काळाच्या मितींचा हिशेब केला: ४.०२, चुकीची मुभा दशांशभर. जगाच्या मिती एखाद्या तापमानासारख्या मोजून, चुकीच्या मर्यादेसह छापल्या गेल्या, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. अशा आणखी टकरी सापडतील तसा हा आकडा नेमका होत जाईल. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ज्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, तिच्यामुळे लहर आकाशाच्या कुठल्या बाजूने आली हे आजच्याहून चांगलं कळेल आणि दुर्बिणींना दीर्घिका लवकर गाठता येईल. पुण्याची आयुका ही खगोलविज्ञान संस्था या प्रकल्पात आहे.

केसाच्या जाडीपासून कोट्यवधी प्रकाशवर्षांपर्यंत उत्तर एकच येत असलं, तरी केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक अंतरांवर, जिथे अवकाश-काळच पुंजनियमांनी हेलकावतो, तिथेही ते चारच असेल असं धरून चालता येत नाही. आम्ब्योर्न, युर्किएविच आणि रेनाटे लोल या भौतिकज्ञांनी २००५ मध्ये चार मितींचे असंख्य सूक्ष्म त्रिकोणी तुकडे जोडून संगणकात विश्वं घडवली आणि त्यांत एक भरकटणारा बिंदू सोडला. असा बिंदू सुरुवातीच्या जागी किती वेळा परततो, यावरूनही मिती काढता येते. मिती कमी तितकं परतणं जास्त. लांबवर भटकू दिलं तेव्हा उत्तर चारच्या जवळ आलं. अगदी थोडी पावलं टाकू दिली, तेव्हा ते दोनच्या आसपास उतरलं.